घरचा नियम कोणाच्या वाट्यातून जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेम्सवर लेख आला होता. तो आमच्या सोसायटीतल्या पोरांनी कापून नोटीस बोर्डवर लावलाय इतका आवडला, आणि मराठी पेपरात या खेळाबद्दल छापून आलं याचं मला स्वतःला फार बरं वाटलं. पण त्यात एक सूर असा होता की या खेळात नियम नावाला असतात, गेम चालवणारा म्हणेल ते खरं, आणि प्रत्येक ग्रुप आपल्याला हवे तसे नियम बदलतो म्हणूनच मजा येते. यातलं अर्धं बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहायला बसलेय, कारण गेली बरीच वर्षं मी विलेपार्ल्यात आमच्या सोसायटीच्या ऑफिसच्या खोलीत रविवारी हा खेळ चालवते, शाळेतली पोरं, कॉलेजवाली, दोन-तीन नोकरीवाले असे सगळे येतात, आणि नियम कसाही बदलला की कोणाचा तरी हिरमोड होतो आणि ते पोरगं पुढच्या रविवारी येत नाही हे मी पुष्कळदा बघितलंय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, कोणी योद्धा कोणी जादूगार कोणी चोर, आणि एक जण गोष्ट चालवतो त्याला डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. आम्ही खेळतो त्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पात्राच्या सहा मूळ क्षमता असतात, स्ट्रेंथ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विस्डम (शहाणपण) आणि करिश्मा (छाप पाडणं). त्यांना आकडे असतात, साध्या माणसाचा आकडा १० च्या आसपास, आणि काही अवघड करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकून त्यात त्या क्षमतेचा बोनस मिळवायचा, बेरीज ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचली की जमलं. शिवाय लेव्हल वाढत जाते तशा प्रत्येक पात्राला त्याच्या त्याच्या खास ॲबिलिटीज मिळतात, आणि पोरांचा सगळा जीव त्यात असतो, कारण टेबलावर बसून 'हे फक्त माझंच पात्र करू शकतं' असं म्हणायला मिळतं.

घरचे नियम, म्हणजे पुस्तकातले सोडून ग्रुपने आपले आपण केलेले, वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. हा खेळच मुळात त्यातून आलाय. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी छोट्या सैनिकांच्या लढाईचे नियम काढले होते, डेव्ह आर्नेसनने ते घेऊन आपल्या घरच्या खेळात मोडतोड केली, एका सैन्याऐवजी एकेक माणूस चालवायला सुरुवात केली, आणि मग गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं मिळून १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांचा डबा बाजारात आला. त्या पहिल्या पुस्तिकांमध्ये स्ट्रेंथ कितीही असली तरी तलवारीच्या वाराला तिचा बोनसच नव्हता, तो १९७५ च्या पुरवणी पुस्तकात आला. म्हणजे आज आपण ज्याला पक्का नियम समजतो तोही नंतर जोडलेला. आणि छापील आहे म्हणून नियम न्याय्य असतो असंही नाही. १९७८ च्या पुस्तकात योद्ध्याची स्ट्रेंथ १८ च्या पुढे शंभरापर्यंतच्या आकड्याने मोजायचे, त्यात माणसातल्या पुरुष पात्राला थेट शंभरापर्यंत जाता यायचं आणि बाई पात्राला पन्नासवर मर्यादा. हे असं छापलेलं होतं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काढून टाकलं, पण त्याआधीच ज्यांनी आपल्या टेबलावर तो नियम खोडला त्यांनी अगदी योग्य केलं असं मी म्हणेन. उलट दिशेनेही होतं, औषधाची बाटली प्यायला सगळी पाळी घालवायची नाही, बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच पाळीतल्या जास्तीच्या छोट्या कृतीत, प्यायची, हा नियम कितीतरी ग्रुप घरचा म्हणून खेळायचे, २०२४ च्या नव्या पुस्तकात तोच अधिकृत झाला.

तर बदला, जरूर बदला. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक घरचा नियम कोणत्या ना कोणत्या पात्राच्या वाट्यातून काहीतरी काढून घेतो, आणि नियम करायच्या आधी ते पात्र कोणाचं हे बघायला पाहिजे. गल्ली क्रिकेटमध्ये 'थेट कंपाउंडच्या बाहेर गेला तर आउट' हा नियम आपण सगळे खेळलोय, काचा वाचाव्यात म्हणून केलेला नियम, पण त्याने लांब मारणाऱ्या पोराची ताकदच त्याची अडचण होते आणि हळूच ढकलणारा दिवसभर खेळत बसतो. तिथे निदान सगळ्यांना दिसतं कोणाचं काय गेलं ते. फाशांच्या खेळात ते आकड्यांच्या आड लपतं. मी नोकरी अकाउंट्समध्ये करते म्हणून असेल, पण मला प्रत्येक नियमाला 'हे नावे कोणाच्या पडलं' असं विचारल्याशिवाय राहवत नाही.

सगळ्यात लाडका घरचा नियम घ्या. फाशावर १ आला की तलवार हातातून पडली, किंवा आपल्याच मित्राला लागली. सगळे हसतात, मजा येते, म्हणून जवळजवळ प्रत्येक नवा डीएम हा आणतो. आता हिशोब करा. वीस बाजूंच्या फाशावर १ यायची शक्यता शंभरात ५. नवखा योद्धा एका फेरीत एकच वार करतो, म्हणजे शंभर फेऱ्यांत पाच वेळा त्याची तलवार पडणार. अकराव्या लेव्हलचा योद्धा तीन वार करतो, त्याच्या शंभरातल्या साधारण १४ फेऱ्यांत निदान एकदा तरी १ येणार. आणि विसाव्या लेव्हलचा, म्हणजे गोष्टीतला सगळ्यात मोठा तलवारबहाद्दर, चार वार करतो, त्याच्या १८-१९ फेऱ्यांत. म्हणजे जितका निष्णात तितकी तलवार जास्त वेळा पडते! आणि आगीचा गोळा टाकणाऱ्या जादूगाराला तर वाराचा फासाच टाकायचा नसतो, समोरच्यानेच त्यातून बचावण्यासाठी फासा टाकायचा, त्यामुळे हा नियम त्याला शिवतच नाही. ज्या पोराने सहा-आठ महिने खेळून जास्तीचे वार कमावले त्याचीच कमाई या एका हसण्याच्या नियमात जाते. हवाच असेल तर फेरीतल्या पहिल्या वारालाच लावा, म्हणजे निदान वार करणाऱ्या सगळ्यांना सारखा. आमच्याकडे तो नाहीच.

दुसरा तसाच एक म्हणजे शत्रूच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले की दोघांनाही ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकायचे आणि मोठा घ्यायचा. हा तर २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातच ऐच्छिक म्हणून दिलाय. ॲडव्हांटेज लहान गोष्ट नाहीये, ११ हवे असताना शंभरात ५० ची शक्यता एकदम ७५ होते. बार्बेरियन नावाच्या पात्राला दुसऱ्या लेव्हलला एक ॲबिलिटी मिळते, बेफाम होऊन वार करायचा, त्याला ॲडव्हांटेज मिळतो पण बदल्यात त्याच्यावर वार करणाऱ्यांनाही मिळतो, म्हणजे अंगावर जखमा घेऊन तो ती विकत घेतो. जी गोष्ट तो रक्त सांडून घेतो ती बाकीच्यांना दोन पावलं सरकून फुकट मिळायला लागली तर त्याने ते पात्र घ्यावंच कशाला? आम्ही तिथे ॲडव्हांटेज काढून साधा २ चा बोनस ठेवला, म्हणजे शंभरात १० चा फायदा, जागा धरून उभं राहण्याला किंमत राहिली आणि बार्बेरियनचंही राहिलं.

आता एक गोष्ट खास मुंबईची सांगते, कारण ती पुस्तकात कुठेच मिळणार नाही. २०१४ च्या पुस्तकाचा अंदाज असा की पात्रांच्या एका दिवसात सहा ते आठ चकमकी होतील, मध्ये एक-एक तासाच्या छोट्या विश्रांती आणि रात्री आठ तासांची मोठी. योद्ध्याच्या बहुतेक ॲबिलिटीज छोट्या विश्रांतीत परत येतात, जादूगाराचे बहुतेक मंत्र मोठ्या विश्रांतीतच. सगळा तोल यावर उभा आहे, जादूगाराने मंत्र राखून राखून वापरायचे आणि योद्ध्याने दिवसभर किल्ला लढवायचा. पण आमच्याकडे सहा-आठ चकमकी होणार कुठून? खोली मिळते चार ते सात, कोणी विरारहून येतंय कोणी कल्याणहून, रविवारचा मेगाब्लॉक असला तर पहिला तास 'कुठे पोचलास' यातच जातो, सातला कमिटीची मीटिंग म्हणून खोली रिकामी करायची. एका रविवारी एकच लढाई होते, आणि बहुतेक ग्रुप सोयीसाठी असा नियम करतात की नवीन सेशन म्हणजे सगळे ताजेतवाने. ऐकायला किती साधा नियम. पण पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे नऊ मंत्र टाकायची सोय असते, पहिल्या पातळीचे चार, दुसरीचे तीन, तिसरीचे दोन, आणि लढाई चालते चार-पाच फेऱ्या. त्याला राखायची गरजच उरत नाही, प्रत्येक फेरीला सगळ्यात मोठा मंत्र. योद्धा बिचारा दोन वार करून बसतो आणि फोन बघायला लागतो. ते फोन बघायला लागले की समजायचं नियमात काहीतरी चुकलंय. पुस्तकातच एक पर्याय दिलाय, छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची, त्याच धर्तीवर आम्ही ठरवलं की मोठी विश्रांती सेशन संपल्यावर होणार नाही, गोष्टीतलं एक प्रकरण संपून सगळे सुरक्षित गावात पोचले की होणार, मग त्याला दोन रविवार लागोत की चार. खर्च झालेले मंत्र कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, पेन्सिलीने खोडून ठेवायचे आणि शीट माझ्याकडे फाइलला. जादूगार खेळणारा पोरगा सुरुवातीला कुरकुरला, आता तोच सगळ्यात विचार करून खेळतो.

पात्राच्या क्षमतांचे आकडे कसे काढायचे यावरही दरवेळी वाद. जुन्या पद्धतीत सहा बाजूंचे तीन फासे टाकून जे येईल ते, ओळीने, १८ यायची शक्यता २१६ मध्ये एक. आता बरेच जण चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडून देतात, सरासरी बाराच्या थोडी वर जाते आणि १८ ची शक्यता साधारण ६२ मध्ये एक होते. फासे टाकायला मजा येते हे मला पूर्ण मान्य आहे, पण एका मुलीला १७, १६, १५ आले आणि तिच्या शेजारच्याचा सगळ्यात मोठा आकडा १२, आणि ही मोहीम वर्षभर चालणार, तर त्या शेजारच्याने एका संध्याकाळच्या फाशांपायी वर्षभर काठावर बसायचं का? यावर मला आवडलेला उपाय असा की सगळ्यांनी मिळून सहा आकडे काढायचे, प्रत्येकाने एकेक, राहिलेले डीएमने, आणि तेच सहा आकडे सगळ्यांनी आपापल्या पात्राला हवे तसे लावायचे. फासे टाकायची मजाही राहते, कोणाचा १६ आला की सगळं टेबल ओरडतं कारण तो सगळ्यांचाच असतो. ज्यांना एवढंही नको त्यांच्यासाठी पुस्तकातले ठरलेले आकडे आहेतच, १५, १४, १३, १२, १०, ८.

आता ज्या नियमाचा मला मनापासून राग येतो त्याबद्दल. करिश्मा म्हणजे समोरच्यावर छाप पाडायची, पटवून द्यायची क्षमता. पुष्कळ टेबलांवर असा नियम असतो की तुम्ही प्रत्यक्ष बोलून दाखवायचं, चांगलं बोललात तर पास, फासा टाकायचीही गरज नाही, आणि अडखळलात तर फासाच मिळणार नाही. अभिनयाला उत्तेजन म्हणून हा नियम करतात. आमच्याकडे एक आठवीतला मुलगा येतो, बोलताना अडखळतो, 'प' आणि 'म' वर तर फारच. त्याने दुसऱ्या एका ग्रुपमध्ये बार्ड घेतला होता, गाणारा-बोलणारा, करिश्मा १६. जे त्याला शाळेत जमत नाही ते इथे करायला मिळेल म्हणून घेतला होता. तिथे प्रत्येक वेळी 'बोलून दाखव'. तो बोलायला लागेपर्यंत कॉलेजातला एक बोलका दादा, ज्याच्या पात्राची करिश्मा ८ होती, तो मध्येच छान भाषण करून मोकळा. ८ वाला पास आणि १६ वाला गप्प. मला सांगा, स्ट्रेंथ १८ असलेल्या पात्राच्या खेळाडूला आपण कधी म्हणतो का, जा आधी गॅसचा सिलिंडर चौथ्या मजल्यावर चढवून दाखव? मग करिश्मावाल्यालाच ही परीक्षा का?

तो आमच्याकडे आला तेव्हा आमचा नियम आधीपासून होता, की काय सांगायचंय ते सांगा, कसं ते नंतर बघू. पहिल्याच दिवशी किल्ल्याच्या दारावर पहारेकरी अडवून उभा होता. याने वही पुढे सरकवली. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मी त्याला सांगतो की तुझा भाऊ खालच्या गावात आजारी आहे, मी त्याला आत्ताच भेटून आलोय, मला आत जाऊ दे, मी तुझा निरोप त्याच्यापर्यंत नेतो.' आणि दुसऱ्या हाताचं बोट कॅरेक्टर शीटवरच्या अधिक ५ वर घट्ट दाबून धरलेलं, कोणी म्हणेल हा आकडा चालणार नाही म्हणून. फासा टाकला, १४ आले, १४ आणि ५ एकोणीस. पहारेकऱ्याने दार उघडलं. मग शेजारची मुलगी म्हणाली मी पहारेकरी बनते, आणि तिने रडवेल्या आवाजात भावाची चौकशी केली, आणि या मुलाने हळूहळू, अडखळत, दोन वाक्यं उत्तर दिलं, कारण आता त्या बोलण्यावर काहीच अडलेलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे क्रमच ठरलाय, आधी काय करायचंय ते सांगा, मग फासा, मग अभिनय. ज्यांना अभिनय येतो ते तर नंतर जास्तच छान करतात, कारण जमलं की फसलं ते माहीत असतं. फसलेलं बोलणं वठवून दाखवायला फार मजा येते.

आणि आता नवीन ॲबिलिटी बनवायचं काम, जे पोरांना सगळ्यात आवडतं. आमच्यातल्या एका मुलीचं आजोळ वेसाव्याचं, तिचं पात्र ड्रूइड, निसर्गाशी बोलणारी. ती एकदा कागद घेऊन आली, तिच्या पात्राला समुद्र ऐकतो, पाणी दिसेल तिथून लाट बोलवायची आणि सगळे शत्रू बुडवायचे. कधीही, कितीही वेळा. नाही म्हणणं सोपं होतं. पण कल्पना इतकी तिची स्वतःची होती की ती पुसून टाकायची माझी इच्छाच होईना. मी फक्त विचारलं, समुद्र कधीही ऐकतो का गं? तर म्हणाली नाही, आजोबा म्हणतात भरतीला ऐकतो. मग तिनेच तिच्या आजोबांचा हिशोब सांगितला, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमीला सहा. दिवसात भरती दोनदा, मध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं.

एवढं हातात आल्यावर नियम जवळजवळ आपोआप तयार झाला. दिवसातून दोनदाच, आणि भरतीच्या वेळेच्या आसपासच. खारं पाणी पाहिजे, खाडी चालेल, विहीर चालणार नाही. किती लागावं यासाठी आम्ही पुस्तकातला त्याच तोडीचा मंत्र शोधला, थंडरवेव्ह नावाचा पहिल्या पातळीचा आहे, आठ बाजूंचे दोन फासे आणि शत्रू दहा फूट मागे फेकला जातो. तेच माप धरलं, साध्या दिवशी दोन फासे, उधाणाला तीन, भांगाला एक. आणि किंमत म्हणून, ड्रूइडला प्राण्याचं रूप घ्यायची जी दोन वेळची सोय असते त्यातली एक वेळ प्रत्येक लाटेला खर्च करायची. तिला हे सगळं पटलं. तिचा एकच हट्ट होता की लाटेने शत्रू आडवे पडले पाहिजेत, आणि मलाही ते चांगलंच वाटत होतं.

तेव्हा आमचा तिरंदाज, जो सहसा तोंड उघडत नाही, म्हणाला ताई मग मी काय करू. त्याचं बरोबर होतं. आडव्या पडलेल्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्याला फायदा होतो पण पाच फुटांपलीकडून बाण मारणाऱ्याला तोटा होतो, दोन फाशांतला लहान घ्यावा लागतो. म्हणजे तिची लाट जितकी भारी तितकं याचं धनुष्य निकामी. कागदावर ती ॲबिलिटी फक्त तिची होती, पण नावे पडत होती त्याच्या. मग आडवं पाडणं काढलं आणि नुसतं मागे ढकलणं ठेवलं, आणि ते तिरंदाजाला उलट फायद्याचं झालं, शत्रू लांब गेले की त्याला आणखी एक फेरी मिळते. आता दोघं मिळून ठरवतात लाट कधी आणायची. गोष्टीतली तिथी आम्ही त्या रविवारचीच धरतो, त्यामुळे पोरं सेशनच्या आधी कालनिर्णय बघून येतात आणि भरती सहाला असली तर शत्रूला बोलण्यात गुंतवून लढाई लांबवायचा प्लॅन करतात. महाभारतात इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरायची होती म्हणूनच ती घटोत्कचावर खर्च झाली तेव्हा सगळं युद्ध फिरलं, तेच इथे होतं, मर्यादा असली की ती कधी वापरायची यावर विचार होतो, भांडण होतं, आणि खेळ त्याच भांडणात असतो.

हे सगळं करताना एक अडचण येते ती आपल्याकडे जास्त येते असं मला वाटतं. डीएम बहुतेक वेळा वयाने मोठा असतो, दादा किंवा ताई किंवा सर, आणि पोरं मोठ्यांसमोर नाही म्हणत नाहीत. 'चालेल ना सगळ्यांना?' म्हणून विचारलं की सगळे माना डोलावतात. ती मान होकाराची नसते. म्हणून आमच्याकडे नवीन नियम सांगून झाला की सगळे चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहितात, या नियमाने माझ्या पात्राचं काय जातं. नाव नाही घालायचं. चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. कितीतरी नियम तिथेच बदलले गेलेत. नियम लढाईच्या मध्ये कधीच करायचा नाही, त्या क्षणी अडलं तर डीएमने त्या दिवसापुरता निर्णय द्यायचा आणि नियमाची चर्चा खेळ संपल्यावर, कारण लढाईत ज्याचा आवाज मोठा त्याचाच नियम होतो. ठरलेला नियम तारखेसकट शंभरपानी वहीत लिहायचा, तीन सेशन वापरून बघायचा आणि मग परत मत घ्यायचं, ठेवायचा की काढायचा. आणि नियमामुळे ज्याच्या पात्राची निवडच वाया गेली त्याला ती निवड बदलायची मोकळीक द्यायची, लेव्हल न गमावता, आकडे न गमावता. त्याने जुन्या नियमांवर विश्वास ठेवून पात्र बांधलं होतं, नियम आपण बदलला, तर किंमत त्याने का भरायची?

डीएमचा शब्द शेवटचा असतो हे खरंय आणि असायलाही हवं, नाहीतर सात वाजेपर्यंत नुसता वादच होईल. पण शेवटचा शब्द म्हणजे पहिलाही तोच आणि मधलाही तोच असं नाही. लेख वाचून जे नवीन ग्रुप सुरू होतील, आणि होतीलच, आमच्याकडेच चार जण तो वाचून चौकशी करून गेले, त्यांनी डीएम म्हणेल ते खरं एवढंच उचललं तर आठवीतल्या त्या मुलासारखी पोरं पहिल्याच महिन्यात गळतील, आणि ती गळाली हे कोणाला कळणारही नाही कारण ती भांडून जात नाहीत.

म्हणून आपल्याला विनंती, पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा फासे, वेशभूषा आणि कॅफेचे फोटो जरूर छापा पण एखाद्या ग्रुपची नियमांची वहीही मागून बघा, त्यातलं एक पान छापा, खाडाखोडीसकट. आमची वही द्यायला मी तयार आहे, पोरांना विचारलंय, लाटेचं पान छापा म्हणतायत, फक्त तिरंदाजाने लिहिलेली शेरेबाजी खोडायची नाही अशी त्याची अट आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई